गळ्यावरची दोन बोटं

समोरच्यानं एखादा शब्द अर्धवट टाकला की मास्तर आपली दोन बोटं गळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "शेवट सोडू नका." पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, यांच्या घशात माशाचा काटा अडकलाय. माझ्या आईनं तर पहिल्या भेटीत घाईघाईनं भाताचा कोरडा गोळा करून त्यांच्यापुढे धरला होता. त्यांनी तो मुकाट्यानं गिळला आणि मग म्हणाले, "आभारी आहे. पण तुम्ही आत्ता 'खराप' म्हणालात, ते 'खराब' आहे."

गिरगावातल्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे आणि मी शिवण. राहायलाही एकाच वाडीत, समोरासमोर. लग्न केलेलं नव्हतं, खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि पुस्तकं. मला ते कधी नावानं हाक मारत नसत, 'शिवणबाई' म्हणत. मी त्यांना तोंडावर 'सर' म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते आता सांगत नाही, माणूस गेलेला आहे.

त्यांचं शास्त्र त्यांनी मला मधल्या सुट्टीत शंभरदा तरी समजावलं असेल. "बोटं ठेवा इथे. म्हणा 'ब'. थरथरलं? आता म्हणा 'प'. गप्प आहे की नाही? ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात, फरक सगळा गळ्यात. माणूस 'गुलाब' म्हणायला निघतो, पण शब्द संपत आला की त्याला घाई होते. गळा आधीच दमून बसतो, ओठ तेवढे मिटतात, आणि बाहेर पडतो 'गुलाप'. 'ग'चा 'क' होतो, 'द'चा 'त' होतो. शब्द मरायला शेवटापासून सुरुवात होते, शिवणबाई."

वाडीच्या तोंडाशी एक फुलवाला बसायचा. त्याला त्यांनी दोन महिने खर्ची घालून 'गुलाब' म्हणायला शिकवलं. एक दिवस तो वैतागला. "मास्तर, शिकवता रोज, घेत कधीच नाही. ज्या बायका घेतात त्यांना 'गुलाप'च लागतो!" आम्ही गॅलरीत पोट धरधरून हसलो. मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदा फुलं घेतली आणि कोणाला द्यायची हे न कळल्यामुळे माझ्या आईला आणून दिली.

एकदा मीही त्यांना पकडलं. ते घाईनं म्हणाले, "बघतो, सांगतो तुम्हाला." मी म्हटलं, "सर, 'बक्तो' म्हणालात. आणि 'सांक्तो'. मी दोन्ही कानांनी ऐकलं." त्यांची बोटं गळ्याकडे गेली. स्वतःशीच चारपाच वेळा पुटपुटले, "बघतो, बक्तो, बघतो..." आणि चेहरा असा पडला की मला माझीच लाज वाटली. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल पाहा, ज्याची चेष्टा करावीशी वाटते आणि केली की चुटपुट लागते.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गोळीबारात किती घरांतली माणसं गेली. त्यात लालबागच्या एका चाळीतला पोरगाही होता, भिकू नावाचा. आधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून आईनं नाव असं ठेवलेलं. नवरा नव्हता. गिरणीत, सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात बारा वर्षं काम करून तिनं हा एक वाढवला, आणि तो विशी ओलांडायच्या आत गेला.

त्याला वर्ष होत आलं तेव्हा त्या चाळीतले दोघे तरुण शाळेत आले. आठवणीची सभा ठेवली होती, बाहेरचे वक्ते येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. आईनं बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं. पण एकजण खाली मान घालून म्हणाला, "सर, मावशी गावाकडचं बोलतात. मोठी माणसं येणार, कोणी हसलं तर? तुमची पोरं वक्तृत्वात बक्षिसं आणतात. जरा शिकवाल का?"

मास्तर उजळलेच. "हसतील? बघतो कोण हसतो ते!" बाईमाणसाच्या खोलीत एकटं जाणं बरं दिसत नाही म्हणून मलाही बरोबर घेतलं. शाळा सुटली की आम्ही ट्रामनं लालबागला निघालो.

मावशी कामावरून नुकत्याच आल्या होत्या. केसांत कापसाचे तंतू तसेच. आम्हाला पाहून त्यांनी खाटेवरची चादर झटकली, स्टोव्ह पेटवायला घेतला. मास्तर म्हणाले, "चहा नंतर. आधी बोला. मनात येईल ते बोला."

मावशी जमिनीकडे बघत बसल्या. मग बोलायला लागल्या. "त्या दिवशी सकाळच्या पारी मीच त्याला म्हनलं... काय सांगू मास्तर, माझं नशीपच खराप..."

"नशीब," मास्तर म्हणाले. "आणि खराब. शेवट सोडू नका. बोटं ठेवा गळ्यावर."

मावशींनी बोटं ठेवली. "नशीब," म्हणाल्या.

"वा! पाहिलंत? पहिल्या झटक्यात! हं, पुढे? सकाळी काय म्हणालात?"

"काय न्हाई," मावशी म्हणाल्या. "तुमी सांगा काय बोलायचं ते."

मी तिथेच बसले होते हो, हातभर अंतरावर. त्या बाईचं तोंड कसं उघडलं आणि कसं मिटलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला कळलंही की इथे काहीतरी मोठं चुकलं. पण मी काय केलं? उठून चहाला आधण ठेवलं. इतकी वर्षं मी त्यांनाच बोल लावत आले, माझं कर्म मात्र कोणाला सांगितलं नाही. आज सांगते.

दोन आठवडे शिकवणी चालली. भाषण मास्तरांनीच लिहून दिलं, सुरेख होतं. मावशी कष्टाळू, त्यांनी ते घोटून घोटून पाठ केलं. एकदा त्या सहज म्हणाल्या, "आमच्या खात्यात मशिनीपुढं कुनाचा आवाज ऐकू येतो मास्तर? आमी बाया एकमेकींचे व्हट बगून बोलतो. तितं तुमचा 'ब' काय आनि 'प' काय, व्हटांवर दोनी सारकेच." मास्तर एवढे चकित झाले की परतताना ट्राममध्ये आवाज न काढता स्वतःचेच ओठ मिटून पाहत राहिले. चर्नी रोडशी उतरताना एवढंच म्हणाले, "ही बाई भाषाशास्त्र शिकवू शकेल." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटं गळ्यावर होतीच.

सभा चाळीच्या पटांगणात झाली. भिकूचा फोटो, हार, लाउडस्पीकर. मावशी उभ्या राहिल्या. "माझा मुलगा महाराष्ट्रासाठी गेला, याचा मला अभिमान आहे," इथून सुरुवात. एकही शब्द शेवटाला पडला नाही. 'नशीब' आलं, 'गरीब' आलं, 'जबाब' आला, सगळे ठणठणीत. हसायचं सोडाच, माणसं रडत होती. मीही रडले. टाळी पहिली मास्तरांनी वाजवली.

खाली उतरल्यावर मावशींनी पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, "मास्तर, नीट बोलले न्हवं?"

"नीट? अहो, उत्तम बोललात!"

"व्हय. बोलले नीट. पन त्यात माझा भिकू नव्हता. कुनाचा तरी चांगला मुलगा व्हता."

रागानं नाही म्हणाल्या. भांडं माझ्या हातात देता देता सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या. मास्तरांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघायला लागले.

पुढच्या रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. "शिवणबाई, लालबागला येता?"

"आता कशाला, सर? सभा झाली की."

"तिला काहीतरी सांगायचं होतं. पहिल्याच दिवशी. ती वाक्यात शिरत होती आणि मी मधे उभा राहिलो." जिन्याकडे वळता वळता म्हणाले, "एका 'ब'साठी."

आम्ही गेलो. मास्तरांनी सरळच सांगितलं, "मावशी, मी आज शिकवायला आलो नाही. ऐकायला आलोय. त्या दिवशी तुम्ही काही सांगत होतात." मावशी हसल्या, चहा केला, चाळीतल्या नळावरची भांडणं सांगितली, नव्या मुकादमाच्या नकला केल्या. भिकूचं नाव काढलं नाही.

मास्तर रविवारी जातच राहिले. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं. मी महिन्यातून एखाद्या वेळी जायचे, बाकी ते एकटेच. लोक काय म्हणतील याची ज्यांना एवढी धास्ती, ते दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याशी स्टुलावर बसायचे. मावशी निवडटिपण करता करता जगातलं सगळं बोलायच्या, गावचं, गिरणीचं, शेजारणींचं. संध्याकाळी ते वाडीत शिरले की मी गॅलरीतून नुसती मान उडवायचे. ते मान हलवायचे. नाही, आजही नाही.

शाळेतही माणूस पालटला. एखादं पोर 'खराप' वाचून गेलं तरी म्हणायचे, "पुढे वाच." बक्षिसं यायची थांबली, हेडमास्तर कुरकुरायला लागले. एकदा मी छेडलंच, "काय सर, शेवट सोडले वाटतं?" तर म्हणाले, "'खूप' म्हणता ना तुम्ही? तो मूळचा 'खूब' आहे, शिवणबाई. 'मदत' ही 'मदद' होती, 'पसंत' हे 'पसंद'. आपल्याच पणज्यांनी शेवट टाकून दिले, आणि आपण त्याला शुद्ध म्हणतो. तिनं एक टाकला तर मी तिला बोलू दिलं नाही." त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा सोडून दिली. माझीच जीभ उचलेना.

राज्य झालं. वाडीच्या तोंडाशी तोरणं लागली, दिवे लागले, पेढे वाटले. मास्तरांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला. "रविवारी तिला नेईन," म्हणाले.

तो रविवार आलाच नाही. त्याआधीच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही वाडीतलेच पाळीपाळीनं करत होतो, दुसरं होतं कोण? तिसऱ्या आठवड्यात डोळेही मिटले. डॉक्टर हाक मारून, चिमटे काढून थकले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "आता आत काही पोचत नाही, बाई. दोनतीन दिवस."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, दारात मावशी. तीन रविवार मास्तर आले नाहीत म्हणून विचारत विचारत गिरगावात आलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी खाटेकडे पाहिलं, चपला काढल्या आणि मास्तरांच्या उशाशी जमिनीवर बसल्या. मावशींना डॉक्टरांचं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या बोलायला लागल्या, आणि मी गप्प बसले.

"मास्तर, तुमी लई वाट बगितली. मला कळत व्हतं, पन तोंडातून निगत नव्हतं. आता सांगते. संप व्हता. भिकू घरीच. मला दुसऱ्या दिसाची चिंता, आनि ह्यो आपला आरशापुढं केस विंचरतोय. माझं डोस्कं फिरलं. मी म्हनलं, बसून खातुस, लाज न्हाई वाटत? जा, कुटं जायाचं तितं जा, मला तोंड दावू नगंस. च्या वतला व्हता मी. त्यानं कपाला हातबी लावला न्हाई. फनी ठेवली आनि जिना उतरला. तासाभरानं पोरं वरडत आली. समदी म्हनतात, म्हाराष्ट्रासाठी गेला. तो म्हाराष्ट्रासाठी न्हाई गेला, मास्तर. मी घालवला म्हनून गेला. त्यो च्या मी दोन दीस तसाच ठिवला व्हता."

खाली वाडीत मुलं खेळत होती. मास्तरांचा श्वास चालू होता, जड, मधेच अडकणारा. मावशींनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ऐकलं न्हवं त्यांनी, बाई?"

खाटेच्या दांडीला धरून मी उभी होते. म्हणाले, "ऐकलं, मावशी. सगळं ऐकलं."

"मग बरं झालं," म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्या रडल्या.