अर्जावरची पहिली पाच नावं

माझा बाप केळीच्या ट्रकवरून पडला तेव्हा मी नववीत होते. एका बागेत ट्रक अर्धा भरला की घड वाहणारी टोळी त्याच घडांवर बसून पुढच्या बागेत जायची. यावलच्या वळणावर निंबाची फांदी आडवी आली, बाप खाली. धाकट्या काकाने त्याला पाठीवर घेऊन जीपगाडी गाठली, जळगावच्या दवाखान्यात नेलं. बाप पुन्हा ताठ उभा राहिला नाही. आई लोकांच्या शेतात निंदायला जायची. कमी पडलं की पीठ काकाच्या घरून यायचं. ते पीठ मी विसरले नाही. पुढचं सांगताना म्हणूनच जड जातं.

धुळ्याला राहून मी बी.ए. झाले. घराण्यातली पहिली, आणि ते मी मिरवते. परत आले तर बापाच्या जागी भाऊ त्याच घडांवर बसलेला. मी टोळीला एकेक करून बोलतं केलं. मागणं एवढंच: माणसांना वेगळी गाडी द्या.

टोळीत काही ठरलं की सगळे आपापली चुंबळ, म्हणजे डोक्यावरच्या घडाखालची कापडाची गुंडाळी, एका ढिगात टाकतात. ढिगात पहिलं-शेवटचं कोणी नसतं. मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी अर्ज लिहायला घेतला. काका टोळीचा मुकादम. तो शेजारी येऊन बसला.

"जो पयले बोलना त्यानं नाव वर लिख, माय. मी सोता शेठले दिसू."

मी क्रमांक घालून नावं लिहिली. पहिलं भावाचं. कागद शेठला नेऊन द्यायला काकाच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर ट्रक आला. व्यापाऱ्याच्या दिवाणजीने माझाच कागद उघडला, वरची पाच नावं वाचली आणि म्हणाला, "यांना आजपासून काम नाही." बाकीची नावं त्याने वाचलीच नाहीत.

"काय बीए बाई," एक म्हातारा मजूर म्हणाला, "तुना कागद बरा कामले उना!"

मी काकाकडे पाहिलं. तो ट्रकचं चाक बघत होता.

"शेठनी ईचारं, कोनी चालू करं," तो म्हणाला. "मना बी संसार शे, माय."

भावाने डोक्यावरची चुंबळ काढून ट्रकपुढे टाकली. त्यावर त्या म्हाताऱ्याची पडली. मग सगळ्यांनी टाकल्या. काकाची तेवढी काखेतच राहिली.

दोन दिवस बागेत कोणी गेलं नाही. माल झाडावर पिवळा पडायला लागला, तिसऱ्या दिवशी व्यापारी कबूल झाला.

त्यानंतर काका आमच्या घरी आला तेव्हा बापाने त्याला चहा पाजला. मी आतच बसले. अजूनही मी त्याच्याशी बोलत नाही.

आता टोळीला बाकं लावलेली वेगळी गाडी आहे. पाचही जण कामावर आहेत. भरलेल्या घडांवर कोणी बसत नाही.