राजशेखरअप्पांचा पहारा

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून राजशेखरअप्पांचा ढाबा आहे. ट्रकवाले तिथं भाकरी आणि शेंगाचटणीसाठी थांबतात आणि ताट येईस्तोवर अप्पांचं भाषण ऐकतात. गेल्या वर्षी भाषणाला विषय एकच होता, पोरांच्या हातातला मोबाइल.

"माझी शिवप्रिया आठवीला हाय," अप्पा सांगायचे. "तिचा फोन माझ्या गल्ल्यात. अभ्यासापुरता देतो, तोबी माझ्यासमोर बसून. माझ्या नजरंतनं माशीबी सुटत न्हाय!"

एके दिवशी दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर शिवप्रिया अभ्यासाला बसली होती. तिनं फोन अप्पांच्या पुढं सरकवला.

"अप्पा, ह्ये वाचा. रागावू नका."

कुणा अनोळखी नंबरावरून मेसेज आले होते. 'तुझी सायकल जांभळी आहे ना? घराचं फाटक हिरवं. शनिवारी कबड्डी असते. एक फोटो पाठव, नाहीतर शाळेत तुझ्याबद्दल काय पसरवतो ते बघ.'

अप्पांच्या पायाखालची जमीन सरकली, पण तोंड नेहमीसारखंच सुटलं. "कुणाशी बोलत व्हतीस तू? काय काय सांगून बसलीस?"

"म्या एक अक्षर बोलले न्हाय. सांगितलंय तुमी."

तिनं अप्पांचं फेसबुक उघडलं. पहिल्याच फोटोत शाळेच्या गणवेशातली शिवप्रिया, छातीवर शाळेचं नाव ठळक. मग हिरव्या फाटकापुढं जांभळी सायकल, 'लाडक्या लेकीला भेट'. मग कबड्डीचं मैदान, वार आणि वेळेसकट. आणि वाढदिवसाच्या फोटोखाली अप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'शुभेच्छा देण्यासाठी कन्येचा नंबर पुढीलप्रमाणे'.

अप्पा गल्ल्यामागच्या खुर्चीत मटकन बसले. फोनला कुलूप घालून आपण पोरीचा अख्खा पत्ता हायवेवर बोर्डासारखा टांगला, हे त्यांना उमगलं. त्या माणसाला शोधाशोधसुद्धा करावी लागली नव्हती. अप्पांनी ताट वाढूनच ठेवलं होतं.

"कधीपासनं येतायत ह्ये?"

"परवापासनं."

"मग परवाच का न्हाय सांगितलंस?"

"तुमी फोन काढून घेतला असता. आन् आधी मलाच बोलला असता. बोललातच की."

भाषणांचा एवढा साठा, पण त्यातलं एक वाक्य उपयोगी पडेना. त्यांनी ढाबा बायकोवर, इरम्मावर सोपवला आणि लेकीला गाडीवर बसवून थेट पोलीस ठाणं गाठलं.

तिथल्या हवालदार शुभांगीताईंनी सगळे मेसेज नीट वाचले. "उत्तर दिलं नाहीस, मेसेज पुसले नाहीस, घरी सांगितलंस. शाब्बास!" त्या शिवप्रियाला म्हणाल्या. आपल्या वाट्यालाही थोडी शाबासकी येईल म्हणून अप्पा ताठ बसले.

"आणि ही सगळी माहिती बाहेर कुणी टाकली?"

"आमीच," अप्पा खाली बघत म्हणाले.

तक्रार झाली. तो नंबर पुढं बंद पडला. माणूस कोण ते अजून कळलेलं नाही, तपास चालू आहे. शिवप्रियाचा नंबर बदलला. फेसबुक फक्त ओळखीच्यांपुरतं कसं करायचं हे अप्पांना काही येईना, तेव्हा ते लेकीनं ठाण्यातल्या बाकावर बसूनच करून दिलं. जुने फोटो पुसताना शेजारच्या छोट्या समर्थचा आंघोळीचा फोटो निघाला. अप्पा त्याच्या आईपुढं जाऊन हात जोडून आले. "लई गोड दिसत व्हता म्हणून," असं पुटपुटले, आणि आपल्याच कारणाची त्यांना लाज वाटली.

ढाब्यावरचं भाषण अजून चालू आहे, फक्त त्यातला गाढव आता अप्पा स्वतः आहेत. ट्रकवाले पोट धरून हसतात. मग एखादा हळूच आपला फोन काढून स्वतःच्या पोरांचे फोटो तपासायला लागतो, तेव्हा अप्पा त्याला गरम भाकरी वाढतात.

गेल्या महिन्यात शिवप्रियाच्या संघानं कबड्डीचा चषक जिंकला. अप्पांच्या बोटांना खाज सुटली. पण त्यांनी आधी विचारलं, "टाकू का गं?"

"न्हाय. मामाला तेवढा पाठवा."

अप्पांनी सोलापूरच्या मेहुण्याला तेवढा एक फोटो पाठवला आणि मोठं काम केल्यासारखा चहा मागवला. चहा यायच्या आत मेहुण्याच्या स्टेटसला भाचीचा फोटो झळकला, शाळेच्या नावासकट.

अप्पांनी तिथल्या तिथं फोन लावला. "पावणं, जेवण झालं का? न्हाय ना? मग बसा खाली. जरा लांबण लागंल."