फाईल माझ्याच डिकीत होती

रेश्मा, तू मला फसवलंस.

आज तुला जाऊन वर्ष झालं. फोटो टाकून 'मिस यू' लिहिणार होतो. पण सकाळी आजऱ्याला तुझ्या वर्षश्राद्धाला गेलतो आणि तिथं जे कळलं, त्यानंतर ते दोन शब्द लिहवेनात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रेश्मा माझी होणारी बायको. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं, तिनं मला सोडलं नाही. शाहूपुरीत पंपाच्या दुकानात कामाला लागलो. तिच्या अण्णांनी तोंड वाकडं करत का होईना, सुपारी फोडली.

दोन महिन्यांत तिला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. वय चोवीस.

डॉक्टर मॅडमनी सरळ सांगितलं. गाठ एका बाजूला आहे. दुसरी ओव्हरी आणि गर्भपिशवी चांगली दिसली तर ठेवता येईल, पुढं मूल होऊ शकेल. स्त्रीबीजं फ्रीज करायची तर केमो दोनेक आठवडे थांबवावी लागेल. निर्णय रेश्माचा.

निर्णय तिचा. बोललो मीच.

"मॅडम, काय पण करा, पण पोरं झाली पायजेत."

केबिनबाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आणि मी?"

मी हसलो. म्हटलं, "तू हाईसच की."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तशी मला जवळ बोलावलं.

"एक बाजू ठेवलीया. मी आता पाकळी झालो बघ."

अण्णांचं काजूचं युनिट. निवडताना अख्खा काजू एकीकडं टाकतात, दोन फाका झालेली पाकळी दुसरीकडं. पाकळीला भाव कमी.

"भाव पडला की रे माझा," म्हणाली.

"मला पाकळीच आवडती."

मी पेढे वाटले. वॉर्डात, दुकानात. अण्णांच्या हातावरही ठेवला. त्यांनी माझ्याकडं न बघता खाल्ला.

मग केमो. ती इथं शहरात थोरल्या बहिणीकडं, दीपाताईकडं राहायची. मी गाडीवरून न्यायचो, हॉस्पिटलची निळी फाईल डिकीत. सलाईन संपेपर्यंत आम्ही मुलीचं नाव ठरवायचो. मी म्हणायचो सई. ती म्हणायची, "वर्गात चार सई असतील. दुसरं बघ." एकदा त्यावरून दोन दिवस बोलली नाही.

दोन दिवस, रेश्मा. नसलेल्या पोरीच्या नावावरून.

कॅन्सर परत आला. ती गेली.

आज जेवणं झाल्यावर मी दीपाताईला म्हटलं, "एक बाजू वाचली होती. लगीन तरी व्हायला पायजे होतं."

ती बघतच राहिली. "तुला अजून म्हाईत न्हाय व्हय?"

आत जाऊन फाईल आणली. तीच निळी. एका शब्दावर बोट ठेवलं. बायलॅटरल.

"म्हणजे दोन्ही बाजूंचं. पिशवी पण काढली. तिनंच मॅडमना सांगितलेलं, जरा जरी शंका आली तरी काय ठेवू नका, मला जगायचं हाय."

ती फाईल सहा महिने माझ्या गाडीच्या डिकीत होती. दर केमोला काउंटरवर मीच दिली. मी उघडणार नाही, हे तिला माहीत होतं. उघडली तरी तो शब्द मला कळणार नाही, हेही.

अण्णांना माहीत होतं. ताईला माहीत होतं. पेढे खाताना सगळ्यांना माहीत होतं.

श्राद्धाच्या घरात मी ओरडलो. "मला का न्हाय सांगितलं?"

"तिनं शपथ घातलेली. म्हणायची, त्याला पोरं पायजेत, कळलं तर जाईल."

मी गेलो असतो? पाच वर्षांत एवढंच ओळखलंस मला?

जगायचं म्हणून सगळं देऊन टाकलंस. मग जगायचं तरी होतंस की.

येताना वाटभर तुला शिव्या घातल्या. अर्ध्या वाटेत तो केबिनबाहेरचा प्रश्न आठवला आणि गाडी कडेला घेतली.

"आणि मी?"

मी हसलो होतो. तुला काय कळायचं त्यातून.

राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही. पण उत्तर देतो, सगळ्यांदेखत.

तू पायजे होतीस. अख्खी, पाकळी, तुकडा, कशी पण.

रेश्मा, तुला अख्ख्याच्या भावानं श्रद्धांजली.