ब्रीदवाक्य आणि सात नंबरची खिडकी

फान शिउये एकोणीस वर्षं एकच काम करत आली होती. चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या एका मध्यम आकाराच्या गावातल्या विद्यापीठात, खानावळीच्या सात नंबरच्या खिडकीमागे उभं राहायचं, डाव्या हातावर कणकेचा भलाथोरला गोळा तोलायचा आणि उजव्या हातातल्या पात्यानं त्याचे नूडलसाठी काप सपासप उकळत्या पाण्यात उडवायचे. पोरं तिला फान मावशी म्हणायची. हात असा चालायचा की बघणाऱ्याची पापणी मिटेपर्यंत वाडगा भरलेला असे, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग तपासणी लागली. राजधानीतून समिती येणार आणि तिच्यातला कुणीही, कुठंही, कुणालाही अडवून विद्यापीठाचं ब्रीदवाक्य विचारणार. वाक्य फाटकापाशी ट्रकएवढ्या दगडावर लाल रंगात कोरलेलं होतं: ‘नीट विचारा, बोललात तसं वागा.’ कन्फ्यूशियसच्या शिकवणीचं सार म्हणून कुठल्याशा बैठकीत ठरवलेलं. इतकी वर्षं त्या दगडाला टेकून पोरं फोटो काढायची, वाचत कुणी नव्हतं. आता ते ताटांवर आलं, जिन्यांवर आलं, मुतारीच्या दारांवर आलं. वाफवलेल्या पावांवर त्याचा लाल शिक्का मारला, तर रंग सुटून दोन दिवस अख्खं विद्यापीठ ओठ रंगवल्यासारखं फिरत होतं.

हे सगळं उपसंचालक नी यांचं डोकं. त्यांनी प्रत्येकाला एक हिरवी पुस्तिका वाटली. नियम चौथा, समितीसमोर कुणीही प्रश्न विचारू नये, तोंडाला सवय लागावी म्हणून आठवडाभर आधीपासूनच विचारू नये. नियम पाचवा, ज्याला वाक्य येणार नाही त्याचा करार वाढणार नाही. फानचा करार त्याच महिन्याअखेर संपत होता. खिडकी गेली तर गावी भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या हाताखाली मका सोलत बसायचं. त्यापेक्षा उकळत्या पाण्यात हात घातलेला तिला परवडला असता.

वाक्य तिनं एका दुपारात पाठ केलं. पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ती पुस्तिका घेऊन थेट नींच्या टेबलाशी गेली.

“साहेब, दगडावर लिहिलंय विचारा. यात लिहिलंय विचारू नका. मी कुणाचं ऐकू?”

“दोघांचं,” नी म्हणाले. “वाक्य पाठ करायचं, नियम पाळायचा.”

मग गिऱ्हाइकाला तिखट घालू की नको हे कसं विचारायचं? त्यावर साहेबांनी सांगितलं की अंदाजानं घाला. आठवडाभर ती तोंडं बघून तिखट घालत राहिली. परीक्षेत नापास झालेला एक गोरा पोरगा तिला रागीट वाटला म्हणून त्याला तिखटाचे दोन डाव पडले, आणि तो रडत रडत जेवला.

समिती आली. तिच्यातला एक वाळका म्हातारा, करडं जाकीट घातलेला, सात नंबरच्या रांगेत येऊन उभा राहिला. रांगेतल्या पोरांनी त्याला पाहताच वाक्य म्हणून दाखवलं. सकाळपासून त्यानं ते शेकडो वेळा ऐकलं होतं, एकदा तर संडासाच्या बंद दाराआडून. त्यानं कंटाळून विचारलं, “याचा अर्थ काय?”

पुस्तिकेत अर्थ दिलेलाच नव्हता. त्याच्यामागे उभे असलेले नी भिंतीसारखे पांढरे पडले. इकडे पातेल्यातले काप फुगायला लागले, आणि अन्न बिघडताना बघणं फानला कधीच जमलं नव्हतं.

“अर्थ असा,” ती तडकली, “की तिखट घालू की नको ते मी तुम्हाला आधी विचारायचं, आणि तुम्ही सांगाल तसंच करायचं. आठवडा झाला, मला विचारू देत नाहीत.”

म्हातारा हसला. “नको घालू बाई. पोट बिघडलंय.”

त्यानं वाडगा निपटून खाल्ला आणि अहवालात लिहिलं की इथलं ब्रीदवाक्य चुलीपर्यंत पोचलं आहे.

करार वाढला. पण त्यात हुद्दा होता ब्रीदवाक्य-दर्शन सेविका. खिडकीपुढं मखमली दोरी बांधली, पितळी पाटी ठोकली आणि वाफेनं पाटी काळवंडते म्हणून शेगडी गोदामात हलवली. रोज अकराला बाहेरच्या विद्यापीठांतले पाहुणे यायचे आणि फाननं कोऱ्या ॲप्रनमध्ये उभं राहून म्हणायचं, ‘तिखट घालू की नको?’ ते वाक्य नव्या पुस्तिकेत आलं. ग्रंथालयातली बाई पुस्तक देताना तेच म्हणू लागली. प्राध्यापक एकमेकांना जिन्यात भेटले की तेच.

फाननं नींना गाठून शेगडी मागितली. नी म्हणाले, पगार वाढलाय, नुसतं उभं राहायचंय, तक्रार कसली? पोरं उपाशी राहू नयेत म्हणून सहा नंबर आहेच. सहा नंबरवाला मशीनमधून नूडल काढतो, हे ऐकवून ती पाय आपटत निघाली. चुलीशिवाय खिडकी म्हणजे भिंतीला पडलेलं भोक, असं ती वाटेत दिसेल त्याला सांगत गेली.

गुरुवारी चाळीस पाहुणे आले, हातात वह्या. फान त्यांच्यासमोरून निघाली, गोदामात गेली आणि शेगडी ओढत बाहेर आली. फरशीवर खरवडत येणाऱ्या शेगडीमागून चाळीसजण चालले, भराभरा लिहीत. तिनं गॅसची नळी जोडली, दोरी सोडून कोपऱ्यात फेकली, कणीक मळायला घेतली. चाळीसजण लिहीतच होते. एकानं तर ती किती वेळा मळते ते मोजून टिपलं.

नी घामाघूम होऊन जवळ आले. “फानताई, काय चालवलंय? बंद करा आधी.”

“तुम्ही करा बंद,” ती हात न थांबवता म्हणाली. “तेही लिहून घेतील.”

नींनी एकवार वह्यांकडे पाहिलं आणि हात खिशात घातले. पाणी उकळलं. पाहुणे जेवले, नीसुद्धा जेवले. महिनाभरात इतर चार विद्यापीठांनी दर गुरुवारी शेगडी गोदामातून ओढत आणायचा कार्यक्रम सुरू केला. सात नंबरची शेगडी मात्र परत कधी गोदामात गेली नाही. नोंद झालेली गोष्ट बंद करायला वरची सही लागते, आणि ती मागायला वर जायची नींची छाती नाही.