कोळ्यासाठी माती

तिसगावचा गहिनीनाथ विहिरी खोदायचा. काकासाहेबांच्या मळ्यातली विहीर खोदताना कड ढासळली आणि त्याचा तरणा लेक सूर्यभान खाली गाडला गेला. तेव्हापासून त्यानं विहिरीत पाय ठेवला नाही. "माती वाईट निघाली," एवढंच तो बोलला, आणि गावानंही ते मानलं.

बहात्तरच्या दुष्काळात तो तळ्याच्या कामावर जाऊ लागला. तिथं एकदा त्याच्याच कुदळीनं एक बीळ फुटलं आणि तळहाताएवढा केसाळ कोळी उघड्यावर आला. लोक दगड घेऊन धावले. गहिनीनाथानं त्याला टोपलीखाली झाकलं नि घरी आणलं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हा कोळी पाळतोय, म्हणून गाव हसलं. हसणाऱ्यांचं काय जातं? ज्याचं पोर मातीत गेलं त्याला आपल्या हातानं मोडलेलं एक घर पुन्हा उभं करायचं होतं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

फुटक्या माठात त्यानं आधी नदीची वाळू भरली. कोळी उकरायचा, भोक बुजायचं. मग शेतातली काळी माती घातली, ती सुकून भेगाळली. कोळी वरच निपचित पडून राहिला. बीळ मिळालं नाही तर तो त्या उन्हाळ्यात वाळून मरणार होता, आणि गहिनीनाथाचा जीव टांगणीला लागला. चिकट, तांबूस माती जवळपास एकाच जागी होती, काकासाहेबांच्या त्या अर्धवट विहिरीवर.

"तिथली आणू नगा," बायको भीमाबाई म्हणाली. "तिनं माझं पोर खाल्लं."

तरी त्यानं आणली. किंचित ओलवून माठात दाबली. कोळी जगावा असं त्याला फार वाटत होतं, आणि ही माती ढासळावी असंही.

उजाडताना पाहतो तर सरळ, गुळगुळीत बीळ. कण सुटला नव्हता. कोळी मातीची गोळी तोंडात धरून वर यायचा, ती लांब माठाच्या कडेला नेऊन टाकायचा आणि परत आत शिरायचा. बिळाच्या तोंडाशी त्यानं ढीग म्हणून होऊ दिला नव्हता.

विहिरीवरची रीतही तीच. निघालेली माती काठापासून लांब ओतायची, नाहीतर भारानं कड ढासळते. त्या दिवशी वर टोपल्या ओतायला भीमाबाई होती. तिच्या अंगात ताप होता. "काठावरच वत, लांब जाऊ नगंस," असं गहिनीनाथच तिला म्हणाला होता. त्या टोपल्या कुणाच्या हातच्या, हे तिच्या मनात कधी येऊ नये म्हणून तर त्यानं सगळा दोष मातीवर ढकलला होता.

त्यानं घाईघाईनं माठावर फडकं ओढलं. पण भीमाबाई पाठीशीच उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"बीळ टिकलं की," ती म्हणाली. "माती चांगली हाय."

"न्हाई. वाईटच हाय."

"अवं, मंग ती माती मीच काठावर..." तिनं फडकं ओढायला हात घातला.

"माती वाईट हुती, भीमे," तो पुन्हा म्हणाला, आणि फडक्यावरचा हात त्यानं काढला नाही.