जागा भरा, जागा भरा

पोस्टर चिकटवायची खळ आज लातूरला शिजवली आणि त्या वासानं नांदेडचा जुना मोर्चा आठवला. तेव्हा लोह्याहून आलेली माझी मैत्रीण भिंतीवर खडूनं अ, ब, क असे तीन ठिपके बाणांनी जोडून बसली होती. बाणांवरून फिरत ती अक्षरांची लांबच लांब ओळ लिहायची, पण कुठलाच तुकडा लागोपाठ दोनदा येऊ द्यायची नाही. “अशी ओळ कधी संपत न्हाई. तुमची घोषणा बघ, दोन शब्द झाले की परत तेच!” असं चिडवायची. अक्षरांच्या या गणितातच पीएच.डी. करायची होती तिला, पण विद्यापीठात ते शिकवणाऱ्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी! मोर्चात मात्र घसा बसेपर्यंत तीच ओरडत राहिली, “जागा भरा, जागा भरा!” कुणी भरली नाही. आता ती उमरीला शिकवणीत पोरांकडून पाढे घोकून घेते. आजच्या पोस्टरवरही आम्ही तेच छापलंय, दोनदा.