नैवेद्याआधीची पोळी

मंडळी, दुपारपासून मन जाग्यावर नाही.

देवाला दाखवलेलं आमच्या ख्रिस्ती घरात खात नाहीत. म्हणून जतमधल्या आमच्या शेजारीण बायाक्का यांचं जत्रेचं ताट मी दरवर्षी परत पाठवते.

आज चर्चमध्ये शेजाऱ्यावरच्या प्रेमावर बोलून घरी आले, तर त्या पुरणपोळी घेऊन दारात उभ्या.

"घ्या ताई. नैवेद्य दाखवायच्या आधीच तुमची काढून ठेवली."

त्यांच्याकडे नैवेद्याआधी लहान पोरालासुद्धा घास मिळत नाही. मी विचारलं, "सासूबाई काय म्हणाल्या?"

"लय बोलल्या. पण तुमचा नेम मोडाय नगं."

माझा नेम राखायला त्यांनी स्वतःचा मोडला. पोळी मी तिथंच, त्यांच्यासमोर खाल्ली.

तुम्हीच सांगा, आज येशू कुणाच्या घरी जेवला असेल?